मिठाचा आळ

माझ्या घरात मीठ जास्त खातात, असं माझ्या विहीणबाईंचं मत आहे. माझ्यासमोर त्यांनी ते एकदाच मांडलं, तेही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, माझ्या मुलीला आत सलाईन लावलेली असताना. पण मग ते मत त्यांच्या नातेवाइकांत फिरलं आणि कुणाच्या तरी मुंजीत, त्यांच्याच चुलत जावेच्या तोंडून माझ्याकडे परत आलं. "माहेरच्या लोणच्या-पापडानं मुलीच्या किडन्यांवर आलं म्हणे," त्या म्हणाल्या. पंगत बसलेली होती, शेजारी भटजी होते, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. त्या दिवशीची जिलबी मला दोन दिवस कडू लागत होती.

नात आता भिंत धरून चालते. मुलगी परत बँकेत जायला लागली. सगळं नीट पार पडलंय, आता सोडून द्या, असं मला जो तो सांगतो. मला सोडून देता येत नाही. धंद्यात कितीदा नासलेला माल मी नाल्यात ओतून मोकळी झाले आहे, पण हे ओतता येत नाही. आता भांडायचीही ताकद राहिलेली नाही. म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते.

मी फुलांची व्यापारी. देवळाबाहेर चवड्यावर बसून गजरे विकण्यापासून सुरुवात केली. नवरा लवकर गेला. तेव्हा मुलगी शाळेत होती. आज मार्केट यार्डात माझा गाळा आहे आणि बिबवेवाडीत स्वतःचा फ्लॅट आहे, आणि दोन्ही मी तोंडाच्या जोरावर मिळवलेत. पहाटे झेंडूचे करंडे उतरायला लागले की पलीकडच्या गल्लीतले लोक नुसत्या आवाजावरून सांगतात, बाई आल्या. मी भाव पाडून घेते, हे खरं आहे. चिडते, हेही खरं आहे. तोंड नसतं तर गाळा नसता.

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. जन्म पेठेतला, आता मुलगा-सुनेबरोबर वारज्याला राहतात. त्या कधी आवाज चढवत नाहीत. "आपण" म्हणूनच बोलतात आणि एका वाक्यात माणसाला बसवतात. लग्नाच्या बैठकीत हॉलचं भाडं ठरवायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हॉलवाल्याशी आपणच बोला विहीणबाई, आमच्यात कुणाला ती विद्या नाही." सगळे हसले. भाडं मी कमी करून घेतलं. त्याचा फायदा त्यांनाही झाला, पण ते कुणी बोललं नाही.

डोहाळजेवण वारज्याला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. फुलांची वाडी अर्थातच माझी. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हातातली कडी, सगळं मी स्वतः ओवलं होतं; निशिगंधाच्या कळ्या आणि मधे एकेक लाल गुलाब. मुलीच्या मनगटाचं माप मला कुणाला विचारावं लागत नाही. तरी कडं बसेना. दोरा सोडून पुन्हा बांधावा लागला.

"अंग भरलंय हो," शेजारच्या एक बाई म्हणाल्या.

"आणि तेज बघा चेहऱ्यावर. मुलगीच होणार."

विहीणबाई ओटीचा नारळ हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे खाऊपिऊ घालतात नीट."

पुन्हा सगळ्या हसल्या. मीही हसले. लग्नातली अंगठी तिनं आधीच साबण लावून काढून ठेवली होती, हे मला घरी आणल्यावर कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी मी तिला बिबवेवाडीला घेऊन आले. म्हणजे कडं घट्ट झालं ते वारज्यात. त्याचे फोटो आहेत, विहीणबाईंच्याच मोबाइलमध्ये. हे मी इथे मुद्दाम नोंदवते.

बाळंतपण माहेरीच व्हायचं म्हणून नाव पहिल्यापासून आमच्याजवळच्या हॉस्पिटलात घातलं होतं. डॉक्टर माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, बारीक आवाजाच्या. घरी आणल्यावर तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी मुलीचा रक्तदाब घेतला, तिला डाव्या कुशीवर झोपवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा घेतला. मग लघवी तपासायला दिली आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

रिपोर्ट संध्याकाळी आला. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण आकडे वाचायला लागत नाही. क्रिएटिनिन पॉइंट आठ. शेजारी छापलेलं की पॉइंट सहा ते एक पॉइंट एक असावं. युरिक ॲसिडही छापलेल्या हद्दीत. जाड अक्षर कुठे नाही, बाण कुठे नाही. मुलीनं फोटो काढून सासरी पाठवला. विहीणबाईंचा लगेच फोन आला.

"सगळं मर्यादेत आहे. हल्ली डॉक्टर लोक घाबरवतातच. नसते घाबरवत तर एवढ्या मोठ्या काचेच्या इमारती उभ्या कशा राहिल्या असत्या?"

मला ते पटलं. काही काही बाबतींत आमचं दोघींचं पटतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो कागद टेबलावर सरळ केला आणि म्हणाल्या, "हे आकडे तुमच्यासाठी चांगले आहेत. हिच्यासाठी नाहीत."

"म्हणजे काय? छापलंय ना तिथे?"

"ते सगळ्यांसाठी छापलंय. गरोदर बाईसाठी नाही." मग त्यांनी समजावून सांगितलं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून रोज निघणारा कचरा. मूत्रपिंडं तो रक्तातून गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. पोटात बाळ असलं की शरीरात रक्त वाढतं, मूत्रपिंडं एरवीपेक्षा जास्त गाळतात, आणि रक्तातला कचरा कमी होतो. म्हणजे आकडा खाली जायला हवा. "तिसऱ्या महिन्यात हिचा पॉइंट पाच होता. आता रक्तदाब वाढलाय, लघवीत प्रथिनं जातायत, आणि हा पॉइंट आठवर आलाय. युरिक ॲसिडचंही तसंच, ते हिच्याच आधीच्या आकड्याच्या पुढे गेलंय."

"पॉइंट तीनचाच तर फरक आहे," मुलगी म्हणाली.

"पाचाचे आठ," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर. तसंच बघायचं."

परत येताना मी लॅबच्या काउंटरवर गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, "गरोदर बाईचा आकडा वेगळा असतो, मग वेगळा छापत का नाही?"

"काकू, सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे."

"फॉर्मवर गरोदर आहे असं लिहून घेता ना? ते काय बारशाचं आमंत्रण पाठवायला घेता?"

"डॉक्टरांना माहीत असतं ना काकू."

"आणि आम्हाला?"

मागची रांग चुळबुळ करायला लागली. मुलीनं माझा दंड धरून मला बाहेर नेलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, मला चक्कर येत नव्हती, तुझ्यामुळे आली."

डॉक्टरांना तिला तेव्हाच ॲडमिट करून घ्यायचं होतं. ती तयार होईना. "मी ॲडमिट झाले की ते लगेच बाळ काढणार," ती मला म्हणत होती. "अजून किती लहान आहे ते. मला थोडे दिवस हवेत." तिची भीती बाळाची आणि माझी भीती तिची, एवढाच आमच्यातला वाद होता. ती माझ्यावर गेली आहे. एकदा नाही म्हटलं की समोरच्यानं किंमत वाढवत बसायचं.

शेवटी डॉक्टरांच्या खोलीत बसून ठरलं. घरी राहायचं, पण मशीन आणून रक्तदाब दिवसातून तीनदा बघायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि एक दिवसाआड रक्त द्यायचं. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकलं, बरगडीखाली दुखलं किंवा लघवी कमी झाली, तर असेल तशी निघून यायचं.

"यातलं एक जरी झालं तरी आपलं ठरलेलं रद्द," डॉक्टर म्हणाल्या.

असा सौदा मला कळतो. मी विचारलं, "जेवणाचं पथ्य? मीठ?"

"मीठ बंद करायची गरज नाही. नेहमीचं घरचं जेवू दे."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. तरीही घरी आल्यावर मी लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवली आणि पापडाचा डबा खालच्या बाईंना देऊन टाकला. वरणात मीठ घालताना हात आखडायचा. मुलगी म्हणायची, "आई, हे वरण आहे की गरम पाणी?" त्या घरात त्या दिवसांत मीठ किती होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

पहाटे गाळा, नऊच्या सुमाराला घरी, रक्तदाब, आंघोळ, स्वयंपाक, लॅब, परत रक्तदाब. दुपारी मी खुर्चीतच झोपायचे आणि मशीनचा पट्टा फुगल्याचा आवाज आला की दचकून उठायचे. आकडा ती मला सांगायची नाही, मशीन माझ्याकडे फिरवायची. कधी एकशे चाळीस, कधी एकशे पन्नासच्या वर. लग्नसराई चालू होती, डेकोरेटरचे फोन येत होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांना, बघा तुमच्या मनानं काय ते, असं सांगत होते.

पुढचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन पॉइंट नऊ. छापील हद्दीच्या आतच. आता मात्र त्या हद्दीकडे आम्ही कुणी बघत नव्हतो. मुलगी थोडा वेळ रडली आणि मग बाळाच्या दुपट्याला टाके घालत बसली.

रविवारी विहीणबाई आल्या, सुनेसाठी नाचणीचे लाडू घेऊन. जावई गाडी लावून वर येईपर्यंत त्यांनी रिपोर्ट वाचून काढला होता.

"एका लॅबवर कशाला विसंबायचं? वारज्याला आमच्या घराखाली लॅब आहे. चालवतो तो माझा विद्यार्थी. दहावीला गणितात चांगले मार्क होते त्याला."

"रक्त तपासायला गणित लागतं?" मी विचारलं.

"आपल्याला चालत असेल बिनगणिताचा. आम्हाला नाही."

पण मुलीच्या डोळ्यांत आशा दिसली. मग मीही विरोध केला नाही. त्यांनी फोन केला, लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन पॉइंट सात.

फोनवर विहीणबाईंचा आवाज इतका मऊ मी त्याआधी ऐकला नव्हता. "बघा. उतरलं की नाही? मी म्हटलं नव्हतं का?" मुलगी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली. आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायचा दिवस होता, तो तिनं टाळला. सारखं सारखं सुया कशाला, म्हणाली. मीही फार ताणलं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हमालाशी इतकी नीट बोलले की त्यानं विचारलं, "काकू, अंगात ताप आहे का?"

रिपोर्ट का आला नाही म्हणून डॉक्टरांनीच फोन केला. मी मोठ्या खुशीत सांगितलं की आकडा पॉइंट सातवर आलाय.

"कुठल्या लॅबचा?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं मशीन वेगळं असेल, तपासायची पद्धत वेगळी असेल. काही लॅबमध्ये आकडा मुळातच कमी येतो. त्यांच्याकडे हिचा तिसऱ्या महिन्यात किती आला असता, ते आपल्याला माहीत आहे का? नाही. मग हा उतरला की चढला, ते कशावरून ठरवायचं? तिला आत्ता घेऊन या."

यार्डात माल एका काट्यावर घेतला आणि दुसऱ्या काट्यावर विकला तर घट कुठे झाली ते देवालाही सांगता येत नाही. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, मलाही. पण पोटच्या पोरीचा आकडा खाली आला म्हटल्यावर काटा कुणाचा, हे कोण विचारतं?

मी आत जाऊन मुलीला उठवलं. ती पडदा ओढून झोपली होती. म्हणाली, "सकाळपासून खिडकीत काजवे दिसतायत गं. ऊन असेल." डोकंही दुखत होतं, ते तिनं सांगितलं नव्हतं. मी तिला ओरडले नाही. चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.

आमच्या लॅबच्या आकड्यानं, म्हणजे पहिल्याच काट्यानं, क्रिएटिनिन एक पॉइंट एक आलं. पाचाचे अकरा. प्लेटलेट उतरायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तिला ॲडमिट केलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची सलाईन लावली आणि बाळाच्या फुप्फुसांसाठीचं पहिलं इंजेक्शन दिलं. मग मला आणि जावयांना बाजूला घेतलं.

"हा आजार वारेतून येतो. बाळाला पोसते ती वार. ती बाहेर आल्याशिवाय हा उतरत नाही. बाळंतपण करावं लागेल."

आतून मुलगी म्हणाली, "अजून एक आठवडा, डॉक्टर." तिला सगळं ऐकू येत होतं.

"आठवडा मी देऊ शकत नाही."

"दोन दिवस?" मी विचारलं.

"फुप्फुसांच्या इंजेक्शनांना दोन दिवस मिळाले तर बाळाला चांगलंच. पण मी शब्द देणार नाही. दर काही तासांनी रक्त बघू, लघवी मोजू. आकडा चढत गेला किंवा लघवी आटली, तर मी तुम्हाला विचारायला येणार नाही."

"विचारू नका," मी म्हटलं. "पण तोवर थांबायचा प्रयत्न करा."

"करते."

मग मी मुलीकडे गेले. दुसरा सौदा तिच्याशी होता, आणि तो जड होता. "डॉक्टर थांबतायत," मी तिला म्हटलं, "पण तुझ्याकडून मला एक पाहिजे. ते जेव्हा चल म्हणतील तेव्हा तू एक अक्षर बोलायचं नाहीस. संमतीच्या कागदावर सही आत्ता कर, तेव्हा नाही."

"तू माझ्याशीही घासाघीस करणार?"

"तुझ्याशीच करायची राहिली होती."

तिनं सही केली. हाताला इतकी सूज होती की पेन बोटांत नीट धरता येत नव्हतं. मी बाहेर आले तर विहीणबाई दारातच उभ्या होत्या. बरंचसं त्यांनी ऐकलेलं होतं.

"अहो, हे हॉस्पिटल आहे," त्या म्हणाल्या. "मार्केट यार्ड नाही."

मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले. त्या बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आमच्याकडून धडधाकट पाठवली होती. आपल्याकडे मिठाचं प्रमाण जरा... असो."

आयुष्यात मला लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. शिव्या खाल्ल्या आहेत, दिल्या आहेत. त्या "असो"सारखं काही लागलं नाही. मी त्यावर काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन मजल्यांवरच्या लोकांनी ते ऐकलं. नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, आत पेशंटचा बीपी तुमच्यामुळे वाढेल." मग मी खाली गेले आणि पार्किंगमधल्या कठड्यावर बसून राहिले. जावई चहा घेऊन आले. "आई, दोघींना नेहमीसारखं नंतर भांडता येईल ना?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी चहा घेतला.

ती रात्र आणि पुढची सकाळ मला सलग आठवत नाही. आठवते ती पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी. त्या पिशवीवर रेघा होत्या आणि मी त्या रेघांकडे बघत बसले होते. पिवळं पाणी रेघेच्या वर सरकलं की मला जरा श्वास यायचा. मॅग्नेशियमनं मुलीच्या अंगाची आग होत होती. "आई, मी तव्यावर झोपलेय," ती म्हणायची. नर्स अधूनमधून येऊन तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारायची आणि पाय उडतो का बघायची. मूत्रपिंडं नीट चालत नसली तर ते औषध अंगात साठतं, म्हणून ही तपासणी. पाय उडाला की नर्स माझ्याकडे बघून मान हलवायची. विहीणबाई पलीकडच्या खुर्चीत ताठ बसून होत्या. त्याही पिशवीकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी रेघेवरच थांबलं. रक्ताचा आकडा एक पॉइंट तीन आला. डॉक्टर आल्या, त्यांनी आम्हाला विचारलं नाही. ठरल्याप्रमाणे. मुलगीही काही बोलली नाही. स्ट्रेचरवरून जाताना तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती माझ्यावर चिडलेली आहे का घाबरलेली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सौदा तिनं पाळला, एवढं खरं.

इंजेक्शनांना दोन दिवस मिळाले नाहीत. एक दिवस मिळाला. डॉक्टर म्हणाल्या, तोही बाळाच्या उपयोगी पडला. नात जन्मली ती माझ्या एका ओंजळीत मावेल एवढी, आणि रडली ती इतकी बारीक, की आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटावा. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी आजी झाले याचा आनंद मला त्या दिवशी झाला नाही. मी फक्त विचारलं, "आईचा आकडा?"

तो आकडा लगेच उतरला नाही. वार निघाली की संपलं, असं मी समजत होते. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आणखी वर होता. मग जिथे होता तिथेच थांबला. मग एका सकाळी पिशवी भरलेली दिसली, आणि नर्स ती रिकामी करताना मला म्हणाली, "मावशी, पेढे वाटा. लघवी भरपूर झाली." मी खरंच पेढे वाटले. मजल्यावरच्या लोकांना वाटलं, आमचं बाळ पेटीतून बाहेर आलं. त्याला अजून बरेच दिवस होते. आकडा नंतर हळूहळू उतरत गेला, तीच लॅब, तोच काटा.

सव्वा महिना झाल्यावर तपासणीला गेलो तेव्हा विहीणबाईही आल्या होत्या. आकडा पॉइंट सहावर आला होता. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली. मी याच दिवसाची वाट बघत होते. डॉक्टर कागद बंद करायला लागल्या तशी मी विचारलं, "डॉक्टर, एक शंका होती. हा आजार मिठानं होतो का? लोणच्यानं, पापडानं?"

"नाही हो. याची सुरुवात फार आधी होते. वार रुजते, तेव्हापासून."

"म्हणजे पहिल्या काही महिन्यांत."

"हो."

"तेव्हा ही कुठे राहत होती?"

"आई," मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

डॉक्टरांना काय चाललंय ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "कुणाच्या घरामुळे होत नाही हे. ना इकडच्या, ना तिकडच्या."

"मी कुठे काय म्हटलं?" विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मीठ हा शब्द मी काढला का आत्ता?"

झालं. एवढे दिवस मी ज्या न्यायाची वाट बघत होते तो असा मिळाला. ज्यांनी आळ घेतला त्यांनी तो घेतलाच नव्हता, मग मागे तरी काय घ्यायचा? मुलीचा चेहरा बघून मी पुढे बोलले नाही. डॉक्टर तिला सांगत होत्या की हा आजार गेला तरी दार उघडं ठेवून जातो. रक्तदाब आणि क्रिएटिनिन दर वर्षी बघायचं, पुन्हा दिवस गेले तर पहिल्यापासून सांगायचं, आणि तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करायची. बाहेर आल्यावर विहीणबाईंनी हे शेवटचं वाक्य जावयांना पुन्हा सांगितलं. स्वतःचं असल्यासारखं.

परवा वर्षाची तपासणी झाली. वारज्याहून बिबवेवाडीला येऊन तिनं आमच्याच लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी फोन आला तो विहीणबाईंचा, आणि मुलीला नाही, मला.

"आकडा आला का?"

"पॉइंट सहा."

"त्याच लॅबचा ना?"

"त्याच."

"बरं." त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "दमला असाल आपण. ठेवते," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात आले तर मुलगी स्टुलावर चढली होती. तिनं माळ्यावरची लोणच्याची बरणी खाली काढली. ती बरणी तेव्हापासून तिथेच होती. कैऱ्या मुरून काळ्या झाल्या होत्या. तिनं दहीभाताच्या कडेला एक फोड घेतली, नातीनं हात पुढे केला तसं ताट बाजूला सरकवलं, आणि फोड तोंडात घातली. डोळे मिटले. मग एक उघडला.

"आई, खरं सांगू? मीठ जरा जास्तच झालंय."

"असो," मी म्हटलं. "दही घे अजून."